फॉर्मवर मी खोटं लिहिलं होतं

कॉलेजच्या काउन्सेलिंग सेलमध्ये मी पहिल्यांदा गेले ना, ते बरं वाटावं म्हणून गेलेच नव्हते, मला लेटर पाहिजे होतं. सेकंड इयरला अटेंडन्स इतका खाली गेला होता की परीक्षेला बसू देतील की नाही हेच कळेना, आणि लॅबच्या मॅडमनी बाजूला घेऊन सांगितलं की काही त्रास असेल तर काउन्सेलरकडे जाऊन ये, त्यांचं पत्र असलं तर मी एचओडींशी बोलू शकते. मी हो मॅडम म्हटलं आणि डोक्यात फक्त ते पत्र राहिलं.

त्रास होताच. पण मी त्याला आळस म्हणायचे. सकाळी गजर वाजायचा, मी तो बंद करायचे आणि छताकडे बघत पडून राहायचे, झोप लागायची नाही पण उठवायचंही नाही. आंघोळीला जायचं म्हणजे आधी उठायचं, मग टॉवेल शोधायचा, मग बादली, एवढं सगळं डोळ्यासमोर आलं की परत डोकं उशीत. पुस्तक उघडलं तर एकच पान तासभर समोर. रूममेटने एकदा विचारलं की तू दोन आठवडे झाले घरी फोन का नाही केलास, तर मी तिच्यावर इतकी ओरडले की ती त्या रात्री दुसऱ्या रूममध्ये जाऊन झोपली. नंतर मी मोबाईलवर शोधत बसले, आळस घालवण्याचे उपाय. पहाटे तीन वाजता. आता लिहिताना दिसतंय की आळशी माणूस पहाटे तीनला जागा राहून असले उपाय शोधत नसतो, पण तेव्हा नाही दिसलं.

मेल केला, तीन ओळींचा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं आणि अपॉइंटमेंट मिळाली अकरा दिवसांनंतरची, कारण अख्ख्या कॉलेजला एकच काउन्सेलर. त्या मेलच्या खाली एक ओळ होती की स्वतःला काही करून घ्यावं असे विचार येत असतील तर लगेच कळवा, थांबायची गरज नाही, त्याच दिवशी भेटू. मी ती ओळ वाचली आणि मेल बंद केला. परत उघडला, परत वाचली, परत बंद केला. कळवलं काहीच नाही.

सेलची खोली स्कॉलरशिपच्या खिडकीच्या अगदी शेजारी आहे. ज्याने कुणी ती जागा ठरवली त्याच्याबद्दल मला आजही राग आहे. खिडकीसमोर कायम दहा-पंधरा पोरं रांगेत उभी असतात आणि त्यांच्यासमोरून तुम्ही त्या दारात शिरायचं. मी दोनदा पुढे जाऊन परत आले, तिसऱ्यांदा फोन कानाला लावून बोलत असल्यासारखी आत गेले. ज्या मुलाची हिंमत आधीच संपलेली आहे त्याच्याकडून एवढी हिंमत मागायची आणि मग म्हणायचं की मुलं काउन्सेलिंगला येतच नाहीत, हे मला पटत नाही. दार दुसऱ्या बाजूला काढायला किती खर्च आला असता?

आत गेल्यावर आधी फॉर्म. नाव, वर्ष, आधी कुठे उपचार घेतलेत का, घरात कुणाला असा त्रास आहे का, आणि मग दोन छोट्या प्रश्नावल्या. एक पीएचक्यू-९ आणि दुसरी जीएडी-७, म्हणजे पहिली उदासपणासाठी आणि दुसरी चिंतेसाठी, जगभर वापरतात. पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न असतात, सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दल. कशातच रस वाटत नाही असं किती दिवस झालं, झोपेचं काय, भूक, थकवा, लक्ष लागतं का. प्रत्येकाला ० ते ३, अजिबात नाही ते जवळजवळ रोज. जास्तीत जास्त २७ होतात. नववा प्रश्न असा की आपण मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का.

मी खाली मान घालून पटापट १, १, १, ० असं लिहीत गेले, म्हणजे फार जास्त पण नको आणि लेटर मिळणार नाही इतकं कमी पण नको असा हिशोब करत, आणि नवव्यापाशी पेन थांबलं. थोडा वेळ थांबलं. मग ० लिहिलं. एकूण ७ झाले. ५ ते ९ म्हणजे सौम्य.

मॅडम (काउन्सेलरनाही सगळे मॅडमच म्हणायचे, मी पण म्हणते) पन्नाशीच्या आसपासच्या, आवाज अगदी साधा. बसल्या बसल्या त्यांनी आधी गोपनीयतेचं सांगितलं. इथे बोललेलं घरी जात नाही, शिक्षकांना जात नाही, एचओडींना जात नाही, तुझी फाइल कॉलेजच्या रेकॉर्डमध्ये नसते. पण काही अपवाद आहेत: तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, दुसऱ्या कुणाच्या जिवाला आहे असं वाटलं, एखाद्या लहान मुलावर अत्याचार होत असल्याचं कळलं किंवा कोर्टाने मागितलं, तर मला सांगावं लागतं. समजलं का, मग इथे सही कर. मी सही केली आणि त्याच क्षणी मनात पक्कं केलं की तो पहिला अपवाद आपल्याला लागू होऊ द्यायचा नाही. मला वाटलं मी तोंड उघडलं की पाच मिनिटांत बाबांना फोन जाणार.

मग त्यांनी विचारलं, झोप कशी आहे? आणि मी रडायला लागले. मी तयारी करून गेले होते की घरच्यांबद्दल विचारतील, अभ्यासाबद्दल, कुणी मुलगा आहे का असं विचारतील, सगळ्याची उत्तरं होती माझ्याकडे. झोपेचं कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत, रुमालांचा डबा सरकवला आणि थांबल्या, बराच वेळ. पन्नास मिनिटांचं सेशन, त्यातली वीस अशीच गेली असतील.

शेवटी मी पत्राचं विचारलं. त्या म्हणाल्या, तू आलीस एवढं मी तुझी परवानगी असेल तर लिहून देईन, कशासाठी आलीस हे त्यात नसेल, आणि अटेंडन्सचा निर्णय माझा नाही, विभागाचा आहे. पुढच्या आठवड्यात येशील ना? मी हो म्हटलं कारण पत्र अजून हातात नव्हतं.

दुसरं सेशन मला अजिबात आवडलं नाही, हे पण लिहिते, कारण बऱ्याच जणी दुसऱ्या सेशननंतर सोडून देतात हे मी आमच्याच हॉस्टेलमध्ये पाहिलंय. मला वाटलं होतं की आता त्या काहीतरी सांगतील, असं कर म्हणजे बरं वाटेल. त्यांनी एक तक्ता दिला. आठवड्याचे सात दिवस, प्रत्येक तासाचा रकाना, त्या तासात काय केलं ते लिहायचं आणि ते करताना बरं किती वाटलं आणि जमलं किती याला ० ते १० मार्क. मनात म्हटलं मी इथे मरतेय आणि ह्या मला टाइमटेबल देतायत. नंतर कळलं की ह्याला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात आणि त्यामागचा विचार असा की उदासपणात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, सोडल्यामुळे आणखी उदास होतो, म्हणून मूड येण्याची वाट न बघता छोटं काहीतरी आधी करायचं, मूड मागून येतो. हे तेव्हा कुणी समजावलं असतं तरी मी ऐकण्याच्या अवस्थेत नव्हते.

तक्ता मी आठवडाभर उघडलाच नाही. तिसऱ्या सेशनच्या दिवशी खोलीबाहेरच्या बाकावर बसून सगळा एका दमात भरला. वाचन ६, चालणं ५, मैत्रिणीशी बोलले ७.

मॅडमनी तो हातात घेतला, शांतपणे वाचला आणि विचारलं, मंगळवारी चारला वाचन लिहिलंयस, काय वाचलंस गं? पकडायचं म्हणून विचारलं नव्हतं, खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. आणि मला एक पुस्तकाचं नाव आठवेना. विषयाचं सुद्धा नाव आठवेना. मी म्हटलं, मॅडम हे खोटं आहे. त्या म्हणाल्या बरं. मी म्हटलं, फॉर्म पण.

त्यांनी पेन खाली ठेवलं. फॉर्ममधलं काय, असं विचारलं, आणि मी म्हटलं शेवटचा प्रश्न.

यानंतर जे झालं ते मी नीट लिहिणार आहे कारण मला ज्याची सगळ्यात जास्त भीती होती ते हेच होतं. त्यांनी झोपेबद्दल विचारलं होतं त्याच आवाजात विचारलं की मरावंसं वाटतं का, कधीपासून, रोज का, काही करायचं ठरवलंयस का, कसं ते ठरवलंयस का, त्यासाठीचं काही जवळ आहे का, याआधी कधी प्रयत्न केलायस का. एकेक प्रश्न, सरळ. आपल्याकडे सगळ्यांना वाटतं ना की असं विचारलं की माणसाच्या डोक्यात नको तो विचार घालू आपण, तसं होत नाही, यावर संशोधन झालंय, विचारल्याने धोका वाढत नाही. मला तर इतकं हलकं वाटलं की मी रडले पण नाही. माझं उत्तर असं होतं की काही ठरवलेलं नाही, पण रोज रात्री झोपताना वाटतं की सकाळी जाग आलीच नाही तर किती बरं. दोन महिने झाले, रोज.

आणि बाबांना फोन गेला नाही. मॅडमनी समजावलं की विचार येणं वेगळं आणि धोका वेगळा, दोन्ही गंभीरच, पण प्रत्येक वेळी घरी कळवायचं असं नसतं. तू मला सांगितलं असतंस की ठरवलंय, साधन जवळ आहे, आज रात्रीचा भरवसा नाही, तर मी कळवलं असतं, आणि तेव्हाही शक्यतो आधी तुला सांगून, तुझ्यासमोर बसून. हेच जर पहिल्या दिवशी सही घेताना दोन वाक्यांत सांगितलं असतं तर मी दोन आठवडे गप्प राहिले नसते. मी त्यांना हे नंतर बोलून दाखवलं, आणि त्यांनी ते मान्य केलं, आता सही घेताना हे सांगते असं म्हणाल्या.

त्याच दिवशी आम्ही दोघींनी मिळून एक कागद केला, सेफ्टी प्लॅन. माझ्याच शब्दांत लिहायचा होता. सगळ्यात वर, त्रास वाढतोय हे मला कशावरून कळतं (फोन उलटा ठेवायला लागते, रूममेट आली की झोपेचं सोंग घेते). मग एकटीने काय करता येतं, मग कुठे जाऊन बसलं की माणसांत असते, मग कुणाला सांगू शकते, मग मॅडमचा आणि दवाखान्याचा नंबर आणि हेल्पलाइन, आणि शेवटी खोलीतलं काय बाजूला करायचं आणि ते कोण करणार. कुणाला सांगू शकते या रकान्यापाशी मी अडकले. शेवटी रूममेटचं नाव लिहिलं, तीच जिच्यावर ओरडले होते. संध्याकाळी तिला कागद दाखवला. तिने वाचला, कपाटातलं जे बाजूला करायचं होतं ते तिने उचलून स्वतःकडे ठेवलं, आणि म्हणाली रात्री कधीही उठव, मी चिडणार नाही. एवढंच. त्या रात्री ती आमच्याच रूममध्ये झोपली.

फॉर्म परत भरला. १७ आले. १५ ते १९ म्हणजे मध्यमपेक्षा जास्त, तीव्रच्या खालोखाल. मॅडम म्हणाल्या की मी औषध देऊ शकत नाही, मी सायकॉलॉजिस्ट आहे, त्यासाठी सायकिॲट्रिस्टकडे जावं लागेल, मी चिठ्ठी देते, आणि आपलं बोलणं चालूच राहील. गोळ्या म्हणजे आयुष्यभर, गोळ्या म्हणजे गुंगी, हे सगळं माझ्याही डोक्यात होतं. डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं, थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, कारण त्यांच्या गडबडीमुळेही असाच थकवा आणि उदासपणा येतो. रिपोर्ट ठीक होते. मग एसएसआरआय गटातली, म्हणजे उदासपणावर नेहमी देतात त्यातली, एक गोळी कमी डोसमध्ये सुरू केली आणि तीन गोष्टी अगदी बजावून सांगितल्या: पूर्ण परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात, मनाने एकदम बंद करायची नाही, आणि तुझ्या वयात, म्हणजे पंचविशीच्या आत, सुरुवातीच्या काही आठवड्यांत नको ते विचार वाढू शकतात त्यामुळे दर आठवड्याला दाखवायला यायचं. पहिले दहा-बारा दिवस मळमळ आणि डोकं जड. गुंगी नाही आली. पाचव्या आठवड्यात एक दिवस मी आंघोळ करून आले आणि केस पुसताना लक्षात आलं की आज टॉवेल, बादली, काहीच डोळ्यासमोर आलं नव्हतं, मी नुसती उठून गेले होते.

सेशनमध्ये तोपर्यंत आम्ही विचारांच्या वहीवर आलो होतो. प्रसंग काय, त्या क्षणी मनात आलेलं वाक्य काय, ते वाक्य किती टक्के खरं वाटलं, त्याच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय. ही सीबीटी, कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी. मॅडमनी सांगितलं की १९६० च्या दशकात ॲरन बेक नावाच्या डॉक्टरांनी हे मांडलं, ते स्वतः मनोविश्लेषण शिकलेले, आणि पेशंटशी बोलताना त्यांना दिसलं की उदास माणसाच्या मनात स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि भविष्याबद्दल आपोआप काही वाक्यं चालू असतात जी तो तपासतच नाही. माझं वाक्य होतं, मी इथे चुकून आलेय. व्हायवात एक उत्तर चुकलं की हे वाक्य. कुणी मेसेज बघून उत्तर दिलं नाही की हेच वाक्य. वहीत तीन आठवड्यांत ते एकोणीस वेळा आलं होतं, आम्ही मोजलं. पुरावा मात्र एकोणीस वेळा एकच लिहिला होता, पहिल्या सेमला मॅथ्समध्ये नापास झाले होते तो. तो विषय मी दुसऱ्या सेमला सोडवलेला होता आणि हे वहीत एकदाही आलं नव्हतं.

घरी सांगायचं मी ठरवलं, मला कुणी भाग पाडलं नाही. आधी दादाला फोन केला. म्हटलं, दादा मी डिप्रेशनच्या गोळ्या घेतेय. तो इतका वेळ गप्प होता की मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, डॉक्टर नीट आहेत ना, तुला आवडले का ते. माझ्या आयुष्यात मला विचारलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न असेल. आईबाबांना त्यानेच सांगितलं. मग मॅडमनी विचारलं की त्यांना एकदा इकडे बोलवूया का, तू पण बसशील, तुला जे नको असेल ते मी बोलणार नाही.

आई आल्यापासून एकच म्हणत होती, आमचं काय चुकलं. मॅडमनी तिला सांगितलं की मनाच्या आजारांची सुरुवात बऱ्याचदा याच वयात होते, २००५ मध्ये अमेरिकेतली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली त्यात दिसलं की ज्यांना आयुष्यात कधी असा आजार होतो त्यातल्या निम्म्यांना तो १४ वर्षांच्या आतच सुरू झालेला असतो आणि पाऊणएक जणांना २४ च्या आत. कारण एकच नसतं, शरीर, घराण्यातलं, परिस्थिती, सगळं मिळून होतं. आईला आकडे किती कळले माहीत नाही पण त्यानंतर ती चुकलं म्हणाली नाही. बाबा वीस मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. खाली बघत होते. शेवटी उठताना त्यांनी विचारलं, मॅडम, ती रात्री एकटी झोपली तर चालेल ना? मला तेव्हा कळलं की त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि मी न सांगितलेलंही त्यांना कळलं होतं.

अटेंडन्सचं पण सांगते नाहीतर राहून जाईल, पत्र मिळालं, विभागाने दोन विषयांत सूट दिली आणि एक विषय पुढच्या वर्षी द्यावा लागला. दिला.

कॉलेजच्या सेवेतल्या ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त धक्का बसला ती नंतरची. एक म्हणजे वर्षाला आठच सेशन मिळतात, माझी सुट्टीच्या आधीच संपली, मग डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या थेरपिस्टकडे पैसे भरून जावं लागलं, आणि ज्यांच्या घरून हे जमत नाही त्या मुलींनी काय करायचं याचं उत्तर मला कुणी दिलं नाही. दुसरं म्हणजे सुट्टीवरून आले तर मॅडम नव्हत्या. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं, कॉलेजने वाढवलं नाही. दारावर नवीन नाव. निरोप घ्यायलाही मिळाला नाही. परत पहिल्यापासून सगळं नव्या माणसाला सांगायचं म्हणजे तीच जखम परत उघडायची, मी आठवडाभर गेलेच नाही. मग कळलं की मॅडमनी जाण्याआधी माझ्या फाइलचा एक पानी सारांश करून सीलबंद ठेवला होता आणि वर लिहिलं होतं की विद्यार्थिनीच्या लेखी परवानगीनंतरच उघडावा. असा सारांश आपण स्वतःहून मागू शकतो. सेशन्स संपत आली असतील किंवा काउन्सेलर बदलणार असं कानावर आलं तर आधीच मागा, आणि नवीन माणसाशी तीन-चार भेटींत सूर जुळला नाही तर तेही सांगा, त्यांना त्याची सवय असते, ते दुसऱ्याकडे पाठवतात.

नवीन सर तरुण आहेत. पाकीट माझ्यासमोर फोडलं, वाचलं, आणि मग म्हणाले की हे तुझ्याबद्दल मॅडमनी लिहिलंय, यातलं काही आता बदललंय का ते तू सांग. मग फॉर्म पुढे केला, तेच नऊ प्रश्न.

मी सावकाश भरला. एकूण ८ झाले, म्हणजे पहिल्या दिवशी हिशोब करून आणले होते त्यापेक्षा एक जास्त. नवव्या प्रश्नाला १ लिहिला, काही दिवस. सरांनी बाकीचे आकडे बघितले, नवव्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, कोणते दिवस? मी म्हटलं, रविवारी संध्याकाळी, रूममेट घरी गेलेली असते तेव्हा. उरलेलं सगळं सेशन आम्ही रविवारवरच बोललो.